गोड बोलणारी आणि खरं बोलणारा

अमेरिकेत कॅरी गावात असताना ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर एक ज्यू गृहस्थ बसत. वय साठीच्या पुढचं, भुवया झुपकेदार, बोलणं फटकळ. हिवाळ्यात शुक्रवारी ते दुपारीच बॅग आवरत. सूर्य मावळला की त्यांचा शब्बाथ, म्हणजे काम न करण्याचा पवित्र दिवस, सुरू व्हायचा. आता ते गाव सोडून मला फ्रिस्को शहरात येऊन बरीच वर्षं झाली, तरी शुक्रवारी ऊन उतरायला लागलं की ते आठवतात.

जिवाभावाची मैत्रीण मात्र दुसरी होती, पुण्याची. एकाच गाडीतून जायचो, डबा वाटून खायचो. माझं काहीही तिला ‘मस्त’च वाटायचं.

टीमला नवा लीड नेमायचा होता आणि नावं आमच्या दोघींचीच होती. औषधांच्या चाचण्यांचा डेटा तपासणारा प्रोग्राम मी लिहिला होता. डेमोच्या आदल्या दिवशी तो मी दोघांनाही दाखवला.

“परफेक्ट आहे यार! आता हातसुद्धा लावू नकोस,” म्हणत मैत्रिणीनं मिठी मारली.

शेजारच्या गृहस्थांनी चष्मा कपाळावर चढवला. “जिथे डोस लिहायचा राहिलाय, तिथे तू शून्य धरतेस. म्हणजे पेशंटनं औषध घेतलंच नाही! हे असं दाखवलंस तर तुझ्यावर कोण विश्वास ठेवेल?”

मला रडूच कोसळायचं बाकी होतं. धुसफुसतच मी ती चूक दुरुस्त केली.

डेमो रंगात आला आणि मैत्रिणीनं हात वर केला. हसत हसत, सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, “डोसच्या कोऱ्या जागांचं काय? तू तर शून्य धरतेस ना?”

मी दुरुस्ती दाखवली. मॅनेजरनं मान डोलावली. पण माझ्या लक्षात आलं, तिला ते कालच दिसलं होतं. केसाने गळा कापणं म्हणजे काय, ते मला त्या खोलीत कळलं.

नंतर मी त्या गृहस्थांपाशी जाऊन बसले. “काल फार लागलं मला तुमचं बोलणं.”

“लागणारच,” ते म्हणाले. “आमची जुनी माणसं सांगतात, मित्रानं केलेल्या जखमेवर भरवसा ठेव. मुके घेत सुटतो तो वैरी.”

“मग तिच्याशी कसं वागू?”

“हसून बोल. वैर धरू नकोस. फक्त मनातलं सांगू नकोस.”

लीड शेवटी बाहेरून आला. मैत्रीण पुढे नोकरी बदलून गेली. निघताना पुन्हा मिठी मारली, मीही मारली.

ते मात्र घरी येऊ लागले. कोशर, म्हणजे त्यांच्या धर्मातले खाण्यापिण्याचे नियम, पाळायचे, त्यामुळे आमच्या भांड्यातलं काही चालत नसे. मी इंडियन स्टोअरमधून आंब्याची पेटी आणायची. खिशातला स्वतःचा चाकू काढून ते कागदी प्लेटमध्ये आंबा कापत. पहिल्यांदा आणलेला आंबा चाखून म्हणाले, “आंबट आहे. तुला फसवलंय दुकानदारानं.”

आणि दुसरा उचलला.