बायजाची होरी

अलिबागच्या त्या मास्तराचं नाव काढलं की अंबाजीच्या तळपायाची आग आजपन मस्तकात जाते.

बायजा त्याची धाकटी बहीण. मिठागरात मीठ ओढून तिच्या पायांना भेगा पडलेल्या, अक्षराशी गाठ न्हाय. पण रेवसच्या बाजूला तिच्यासारखी धवलारीण दुसरी दाखवा! ती मांडवात धवले गायल्याबिगर आगऱ्यांचं लग्न लागत न्हाय. अंबाजी चार बुकं शिकलेला. "गला तिचा, डोकं माजं," असं चारचौघांत ठोकून द्यायचा.

एकसष्ट साली अलिबागला लोकगीतांचा कार्यक्रम ठरला. मास्तर वही घेऊन दारात आले. बायजा गायली,

"नवरी माजी हलदीची होरी,
मायेचे हाती ढिली झाली दोरी."

मास्तर हसले. "होरी नव्हे बाई, होडी. आणि नवरी होडी कशी असेल? होडीसारखी. 'जणू' घालू."

छापील कागद आला, "नवरी माझी जणू हळदीची होडी." खाली बायजाचं नाव. अंबाजी फुगला. गावभर कागद मिरवला आणि आठ दिवस बहिणीकडून तोच घोकून घेतला.

"दादूस, ह्ये तोंडात बसत न्हाय रं."

"छापलंय ना? मंग बसव!"

कार्यक्रमात बायजा 'होडी'पाशी आली आणि थांबली. पुढची 'दोरी' जुळेना. पुन्हा धरलं, पुन्हा थांबली. मागून कुणी ओरडलं, "बाई, होडी रुतली काय?" सभा खदखदली. वीस वर्षं मांडव गाजवलेली बाई मान खाली घालून उभी.

अंबाजी ताडकन उठला. "मास्तर! होरीला दोरी लागते, तुमच्या होडीला काय बांधू, तुमचं धोतर? आन् जणू कशाला? पोर सासरी जाताना आई रडते, ती काय जणू रडते?"

"दादूस, खाली बस."

बायजानं कागद चुरगाळला, डोळे मिटले आणि आपली होरी सोडली. पुढच्या रांगेतल्या बायांनी डोळ्यांना पदर लावले.

पुढं मास्तराचं पुस्तक निघालं. त्यात होडीच! अंबाजीनं आपल्या प्रतीत 'डी' खोडून इतक्या जोरात 'री' लिहिलं की पान फाटलं.

बायजाला दाखवलं, तर तिनं पुस्तकाकडं बघितलंपन न्हाय.

"घोकून कुनी घेतलं? मास्तरानं?" ती म्हणाली. "गला माजा हाय. डोकं घरी ठेवत जा."