प्रयोगशाळेबाहेरच्या चपला

परवा आम्हाला संगणक शिकवणाऱ्या बाईंना घेऊन जुन्या कॉलेजात गेलो. संगणक प्रयोगशाळेबाहेर चपलांची रांग दिसली आणि मला हसूच आलं. एके काळी त्या रांगेत माझ्याही चपला असायच्या.

देशात संगणक बोटांवर मोजण्याइतके होते, तेव्हापासून बाई प्रोग्रॅम लिहीत आल्या. ही प्रयोगशाळाही त्यांनीच उभारलेली. त्यांचा एकच हट्ट असे: प्रोग्रॅमच्या प्रत्येक ओळीशेजारी ती का लिहिली, तेही लिहायचं. "यंत्र कारण विचारत नाही, पण तुमच्यानंतर येणारा माणूस विचारेल," असं त्या म्हणायच्या. कारण नसलं की वही परत यायची.

दारातल्या एका मुलीला बाईंनी विचारलं, "चपला का काढतेस गं?"

"पद्धत आहे, मॅडम."

बाईंनी दारावरची पाटी पाहिली. 'चपला बाहेर काढाव्यात.' अक्षर त्यांचंच. तेव्हा धुळीने यंत्र बिघडायचं, म्हणून लिहिलेली ती सूचना. ते यंत्र कधीच भंगारात गेलं, सूचना मात्र चालूच होती. आपण रोज पाळतो त्यातल्या किती गोष्टी अशा असतील! कारण मागेच कुठेतरी राहून जातं आणि आपण मुकाट्याने अनवाणी उभे असतो.

"अगंबाई! कारण लिहायला मीच विसरले की!" बाई खळखळून हसल्या. माझ्या खिशातलं पेन काढून त्यांनी पाटीवर लिहिलं, 'धुळीमुळे. आताच्या यंत्रांना धूळ चालते.' आणि चपला घालूनच रुबाबात आत शिरल्या.

मीही निघालो आणि पायांना गार फरशी लागली. माझ्या चपला केव्हाच रांगेत जाऊन बसल्या होत्या.