उस्तादची वही

सोयरिकीसाठी आलेल्या मुलाची करावी, तशी उस्ताद संगणकाची चौकशी करायचे. बोर्ड कुठला, चिप कुठली, आधी कोणाच्या घरी होता, तिथं काय दुखलं-खुपलं. हे सगळं लाल कापडी पाठीच्या लांबट वहीत उतरवल्याशिवाय त्यांचा पेचकस स्क्रूला लागत नसे. गिऱ्हाईक ताटकळत बसायचं. मी तर भांडायचे.

वाशीमला बसस्टँडच्या मागे त्यांचं दुकान होतं. तरुणपणी ते रेडिओ दुरुस्त करत, मग टीव्ही, मग संगणक. पाटीवर मात्र शेवटपर्यंत रेडिओच राहिला. माझं लग्नपत्रिका आणि टायपिंगचं दुकान त्यांच्या शेजारी. मी त्यांच्या मुलीच्या वयाची, म्हणून 'बेटी'.

आजच्या मुलांना सांगून पटणार नाही, पण त्या जुन्या संगणकांत मेमरी चार एमबी असली तरी आमचे प्रोग्राम तिच्यातली पहिली चिमूटभरच वापरायचे. उरलेली उघडून द्यायला मेमरी सांभाळणारा वेगळा प्रोग्राम टाकावा लागे, आणि तो प्रत्येक मशीनला मानवत नसे. एकावर सुरळीत चाले. तसल्याच दिसणाऱ्या दुसऱ्यावर पडदा काळा. म्हणून ती वही. मशीन, बोर्ड, काय मानवतं असे तीन रकाने आणि चौथा, 'कोणी सांगितलं'. स्वतः करून पाहिलं असेल तर तिथं 'खुद' लिहीत. अक्षर मराठी, आकडे उर्दू.

"कंपनीच्या पुस्तकात लिहिलंय ना चालतं म्हणून!" मी म्हणायचे.

"पुस्तक लिहिनाऱ्यानं तुही मशीन पाह्यली काय?" ते बशीतला चहा फुंकत म्हणायचे. "पह्यले तिले इचारू तं दे."

माझे बाबा जवळच्या अनसिंग गावचे कोतवाल होते. शिवारातल्या प्रत्येक वावराला, म्हणजे शेताला, नाव असतं, आणि ती सगळी नावं बाबांना पाठ. बोरीचं, चिचेचं, म्हातारीचा पट्टा, दोन बहिणींचं. निवृत्तीनंतर ते बसने वाशीमला यायचे, माझ्याजवळ बसून एकेक नाव आणि त्यामागची हकिकत सांगायचे. मी थेट टाइप करायचे. हिवाळाभरात तीनशेच्या वर नावं झाली. त्याची पुस्तिका छापायची आमची हौस होती, पण फाइल एवढी फुगली की छापायला घेतली की मेमरी अपुरी पडायची.

अशातच बाबांना लकवा झाला. वाचा गेली. एक हात तेवढा हलायचा. पुस्तिका त्यांच्या हातात पडली पाहिजे, एवढंच माझ्या डोक्यात राहिलं.

तो मेमरी उघडून देणारा प्रोग्राम टाका, म्हणून मी उस्तादांच्या मागे लागले. त्या दिवशी त्यांची वही घरी राहिली होती. "उद्या वही पाह्यतो, मंग टाकतो. काहून घाई करून राह्यली?" मी ऐकलं नाही. समोरच्या दुकानात असलाच संगणक आहे, त्यावर चालतो, मग माझ्यावर का नाही, म्हणून मी चक्क रडले. उस्ताद विरघळले. प्रोग्राम टाकला आणि तो चालला. आम्ही पेढे खाल्ले.

माझ्या डिस्कच्या कार्डाचं आणि त्या प्रोग्रामचं जमत नाही, हे आठवड्यानं कळलं. वरवर सगळं ठीक दिसत होतं आणि आत डिस्कवर भलतंच लिहिलं जात होतं. मी शहाणी, रोज फ्लॉपीवर नक्कल घेत होते, म्हणजे चांगल्या नकलेवर रोज बिघडलेली फाइल चढवत होते. एक दिवस उघडली तर नुसते चौकोन.

उस्तादांनी तीन दिवस डिस्कशी झुंज दिली. चौथ्या दिवशी म्हणाले, "बेटी, हे गेलं." मला वाटलं होतं, ते माझ्या हट्टाची आठवण करून देतील. त्यांनी वहीची कोरी पानं उघडली आणि विचारलं, "अनसिंगची गाडी किती वाजता हाय?"

शुक्रवारी त्यांचं दुकान बंद असे. त्यानंतर दीड वर्ष, बहुतेक दर शुक्रवारी ते अनसिंगला गेले. सकाळी शिवारात फिरायचे, भेटेल त्याला वावराचं नाव विचारायचे, कोणी सांगितलं तेही लिहायचे. जुम्याची नमाज गावच्या मशिदीत पढून, दुपारी आमच्या घरी बाबांच्या खाटेशी बसायचे. "कोतवालसाहेब, नाल्यापलीकडचं, सालईचं. बरोबर?" बाबा बोट एकदा आपटायचे, म्हणजे हो. दोनदा, म्हणजे नाही. 'नाही' आलं की उस्ताद मुकाट्यानं खोडायचे आणि पुढच्या शुक्रवारी पुन्हा त्याच बांधावर. कधी मीही सोबत असायचे; बाबांना आजारपणात हसताना पाहिलं ते अशाच दुपारी.

एका वावराचं नाव मात्र सापडलं नाही. पांदीच्या, म्हणजे गाडीवाटेच्या, वळणावरचं, निंबाचं झाड असलेलं. लोकांनी पाच-सहा नावं सांगितली, बाबांनी दरवेळी दोनदा बोट आपटलं. उस्ताद त्या निंबाखाली बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत राहिले. शेवटी ती जागा कोरी ठेवून, तोवर घेतलेल्या नव्या संगणकावर पुस्तिका छापली. बाबांनी ती महिनाभर छातीवर ठेवली. मग ते गेले.

गेल्या वर्षी उस्तादही गेले. त्यांच्या सुनेनं वही मला आणून दिली. "अब्बा म्हनत होते, हे बेटीले द्या." तिच्यातली मशीनची पानं इतक्या वर्षांत मी कधी उघडली नव्हती. माझ्या मशीनचं पान सापडलं. तिसऱ्या रकान्यात होतं, 'याले वरची मेमरी उघडून देऊ नये, डिस्कचं कार्ड सहन करत नाही.' आणि चौथ्यात, 'खुद. घाई माही.'

घाई माझी होती, उस्ताद. तुमची नव्हती. हे मी तुम्हाला तुमच्या हयातीत एकदाही म्हटलं नाही.

शेवटी वावरांची पानं होती. पांदीच्या वळणासमोर फक्त 'इचारायचं हाय' लिहिलेलं. परवा ती वही घेऊन मी अनसिंगला गेले. निंब अजून आहे. एक बाई निंदत होती. मी विचारलं, "या वावराले काय म्हनतात?"

"याले? उस्तादचं वावर."

"कोण उस्ताद?"

"काय मालूम! कोनी म्हतारा येऊन बसे म्हनतात निंबाखाली. माह्या लग्नाच्या आंदीपासून हेच नाव हाय."

मी बांधावर बसले. 'इचारायचं हाय'च्या पुढे नाव लिहिलं. मग 'कोणी सांगितलं' या चौथ्या रकान्यासाठी त्या बाईला तिचं नाव विचारलं.