सीझन लांबलाय

पांढऱ्या अस्वलाच्या ढुंगणावरची चरबी काढून तपासणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग आहे. ऐकायला कसाही वाटो, करायला त्याहून वाईट आहे. हेलिकॉप्टरमधून भुलीचं इंजेक्शन मारायचं, अस्वल बर्फावर आडवं झालं की खाली उतरायचं, आणि ते उघड्या डोळ्यांनी बघत असताना त्याचं माप घ्यायचं, रक्त काढायचं, एक बिनकामाचा दात उपटायचा आणि शेवटी मागच्या बाजूला वळायचं. त्याच्या तोंडाला सडक्या माशाचा वास येतो. दुसऱ्या बाजूबद्दल न बोललेलं बरं. लोक विचारतात, भीती नाही वाटत? वाटते की. पण अस्वलापेक्षा मला नाशिकरोडच्या आमच्या तीन खोल्यांची भीती जास्त वाटत आली, हे मात्र मी बरीच वर्षं कुणाजवळ बोललो नव्हतो.

त्या तीन खोल्यांत दोघं राहायची, अप्पा आणि ताई. अप्पा म्हणजे माझे वडील. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कोळशाच्या वाघिणी रिकाम्या करण्यात त्यांची सगळी नोकरी गेली आणि आपल्या वाट्याचा कोळसा छातीत घेऊन ते निवृत्त झाले. आता सकाळ-दुपार-संध्याकाळ मास्क लावून वाफ घ्यावी लागते. मध्येच श्वास अडकतो, तेव्हा जवळ माणूस लागतं. आई गेल्यापासून ते माणूस म्हणजे ताई. ती सिन्नर तालुक्यातल्या एका शाळेत शिकवायची, शेअर जीपमध्ये कोंबून जायची आणि तशीच यायची. तिनं लग्न केलं नाही. का, ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर ऐकून घ्यावं लागलं असतं.

आणि मी सीझनवर असायचो.

या शब्दाची आमच्याकडे फार पुण्याई आहे. द्राक्षांचा सीझन, कांद्याचा सीझन. बागवाला माणूस सख्ख्या मेहुणीच्या लग्नाला आला नाही तरी "सीझन चाललाय त्याचा" म्हटलं की सगळे मान हलवतात. नोकरी लागली तेव्हा मी घरी तोच शब्द सांगितला. फेब्रुवारी ते जुलै, सीझन. तेव्हा ते बऱ्यापैकी खरंही होतं. पुढे बर्फ उशिरा धरू लागला, लवकर फुटू लागला, जिथं आम्ही तंबू टाकायचो तिथं पाणी दिसू लागलं, आणि बर्फावरचं काम आकसत आकसत जेमतेम महिन्यावर आलं. घरी मात्र फोनवर माझं एकच पालुपद, "सीझन लांबलाय गं."

उरलेले महिने मी तिकडे परदेशातच, विद्यापीठाच्या गावात, भाड्याच्या खोलीत हीटर लावून बसायचो. काम असायचं, नाही असं नाही. आकडे जुळवायचे, आलेख काढायचे. पण ते नाशिकरोडला बसूनही झालं असतं, लॅपटॉपला काही आमच्या गल्लीचं वावडं नव्हतं. वावडं मला होतं. अप्पांच्या खोकल्याचं, त्या वाफेच्या मशीनच्या घरघरीचं. मी खिचडी लावायचो, जेवून झोपायचो आणि शेजारच्या खोलीत कुणी खोकत नाही याचं सुख भोगायचो. बर्फात ताकद राहावी म्हणून ताई डिंकाचे लाडू पाठवायची. ते मी हीटरशी बसून संपवले.

गेल्या पावसाळ्यात घरी आलो तेव्हा ताईला प्रमोशन आलं होतं. मुख्याध्यापिका, नांदगाव तालुक्यातल्या एका गावी. रोज जाऊन-येऊन जमण्यासारखं नव्हतं, तिथंच खोली करून राहावं लागणार होतं. होय की नाही ते सोमवारपर्यंत कळवायचं होतं, आणि नाही म्हटलं तर पुन्हा नंबर कधी लागेल याचा भरवसा नव्हता. शनिवारी तिनं भाकरी थापता थापता मला विचारलं, "तू किती दिवस आहेस?"

"आहे की. जानेवारीपर्यंत."

"आणि मग?"

"मग सीझन."

"जुलैपर्यंत?"

"लांबला तर ऑगस्ट."

तिनं भाकरी तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला. "मग राहू दे. अप्पांना कुणावर टाकू? नाही कळवते."

इथं बोलायची जागा होती. मी चटणी मागितली.

दुसऱ्या दिवशी रविवार. वर्षावास चालू होता, त्यामुळे कॉलनीतल्या बुद्धविहारात दर रविवारी कार्यक्रम असायचा, आणि त्या रविवारी व्याख्यान माझं होतं. दारातल्या फळ्यावर कुणीतरी सुंदर अक्षरात लिहिलं होतं, "पोलर बिअर तज्ज्ञ". आधी वंदना झाली, सगळ्यांनी पंचशील घेतलं, मद्यापासून लांब राहण्याचं पाचवं शील जरा जास्तच जोरात म्हटलं गेलं, आणि लगेच निवेदकांनी माईक घेऊन जाहीर केलं, "आता बिअरवर परदेशात संशोधन करणारे आपल्या कॉलनीचे सुपुत्र आपल्याला मार्गदर्शन करतील."

मागून आवाज आला, "हितल्या वायनरीवाल्यांनी नाय घेतला का रे ह्याला?"

मी अस्वलाचा फोटो पडद्यावर लावला तेव्हा कुठं लोकांचा जीव भांड्यात पडला. काहींची निराशाही झाली असावी.

मग मात्र रंगलो मी. अस्वलं कुठं फिरतात ते कळावं म्हणून आम्ही त्यांच्या गळ्यात पट्टा बांधतो, पण फक्त माद्यांच्या, हे सांगितलं. नराची मान डोक्याहून जाड असते, पट्टा सरकून निघून जातो.

"मग नर कुठं उंडारतोय ते कसं कळतं?" एका मावशींनी विचारलं.

"नाही कळत."

"आणि पिल्लं?"

"ती आईच वाढवते. बाप एकदा भेटतो आणि जातो."

"म्हंजे काय नवीन नाय," मावशी म्हणाल्या आणि बायकांची अख्खी बाजू हसली. ताईसुद्धा. ती पहिल्याच सतरंजीवर बसली होती. अप्पा कडेला प्लास्टिकच्या खुर्चीत.

टाळ्या मिळायला लागल्या की माणसाचं डोकं चालत नाही. मी आवाज जड केला. म्हणालो, "पूर्वी आम्ही महिनेच्या महिने बर्फावर काढायचो. आता? महिनाभरात गाशा गुंडाळावा लागतो! मे संपायच्या आत सगळे घरी!" टाळीसाठी थांबलो. टाळ्या पडल्या. ताईचे हात मांडीवरच राहिले.

मग एक निवृत्त हेडक्लार्क काका उठले. बिचाऱ्यांच्या मनात काही नव्हतं. "सर, मग बाकीचे महिने आपण कुठं असता?"

मी पाण्याची बाटली शोधू लागलो. तेवढ्यात अप्पांनी खुर्चीतून मोठ्या अभिमानानं उत्तर दिलं, "सीझनवर असतो तो! लांबतो ना त्याचा!"

परतताना पाऊस होता म्हणून रिक्षा केली. अप्पा मध्ये, आम्ही दोन बाजूंना. ताईनं अप्पांच्या डोक्यावरून विचारलं, "मे म्हणालास ना?"

"हो."

"कधीपासून?"

"झाली बरीच वर्षं."

"आणि जूनमध्ये मी लाडू पाठवायचे, ते?"

"पोचायचे."

"पोचायचे का ते नाही विचारलं."

आता लॅब, आकडे, आलेख असं पुष्कळ बोलता आलं असतं. मी म्हणालो, "मला घरी यायचं नसायचं, ताई."

रिक्षावाल्यानं गाण्याचा आवाज बारीक केला.

ताई रस्त्याकडे बघत म्हणाली, "मला तरी कुठं यायचं असतं? रोज सिन्नरहून निघाले की वाटतं, जीप उलटी फिरावी आणि पुण्याला जावी. पण माझी मान पडली बारीक. पट्टा बसतो."

"ए," अप्पा म्हणाले, "मी हितं मधी बसलोय. मेलो नाय अजून."

मग त्यांना खोकला आला, तो ओसरला, आणि मग त्यांना हसू फुटलं. "म्हंजे बघ, मी कोळसा जाळायचा, त्यानं तिकडं बर्फ वितळायचा, आन् ह्यानं तो मोजायला पळायचं. बापलेकाचा जोडधंदा. आता बर्फच उरला नाय म्हणतोस, तर ये की मुकाट्यानं घरी. आन् तू गं, जा नांदगावला. माझं नाव सांगून थांबू नको."

सोमवारी ताईनं होय कळवलं. मी माझ्या परदेशातल्या वरिष्ठांना विचारलं, घरून काम केलं तर चालेल का. "चालेल" असं एका शब्दात उत्तर आलं. ते इतकं सोपं निघालं याचा मला दोन दिवस राग होता. बर्फावरचा महिना मी ताईच्या उन्हाळी सुट्टीत उरकायचा, तेव्हा ती घरी असेल, असं ठरलं.

मी सुधारलो वगैरे नाही. अजूनही मशीन घरघरायला लागलं की बाहेर पडावंसं वाटतं, आणि कधीकधी दूध आणायला म्हणून निघून मी उगाच एक फेरी जास्त मारतो. अप्पाही खूश नाहीत. माझ्या वरणाला ते "औषध" म्हणतात आणि येईल त्याला सांगतात, "पोरगी बरी व्हती. ह्यो टीव्हीचा आवाज कमी करतो."

ताई पहिल्या महिन्यात रोज फोन करायची. वाफ दिली का, कितीदा दिली, कुणी दिली. परवा फोन आला तो वेगळाच. शाळेच्या संडासाला दार नाही, सरपंचाला तीनदा झापलंय, पाण्याचा टँकर वर्गाच्या खिडकीलाच येऊन टेकतो, पोरं लय ब्येकार आहेत आणि लय गोड आहेत. ती "लय" म्हणाली. आमच्या घरात अप्पांनी "लय" म्हटलं की ती त्यांना टोकायची. मी मास्क हातात धरून ऐकत होतो, आता अप्पांचं विचारेल म्हणून उत्तर तयार ठेवलं होतं.

"चल ठेवते," ती म्हणाली, "माझी तिसरीची पोरं बोंबलतायत."

अप्पांनी विचारलं, "काय म्हणाली? माझं काय विचारलं?"

"नाही," मी म्हणालो, "काहीच नाही."

"बरं झालं," म्हणाले आणि मास्कसाठी तोंड पुढं केलं.