एका स्कॉटिश मतदारसंघाची टंकलेखिका

शारजातल्या एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत मी सेक्रेटरी होते, तेव्हा आमच्या साहेबांना इतिहासाचं वेड लागलं. साहेब स्कॉटिश. गल्फमध्ये आलेला गोरा साहेब चाळिशी ओलांडली की काहीतरी घेतोच. कुणी बोट घेतो, कुणी घोडा. आमच्या साहेबांनी मतदारसंघ घेतला. आपण जिथे जन्मलो त्या मतदारसंघाचा पहिल्यापासूनचा इतिहास त्यांना लिहायचा होता, आणि जेवणानंतरचा एक तास तो टाइप करायचं काम माझ्याकडे आलं. मतदारसंघाचं नाव सांगत नाही. सांगितलं तरी आजच्या नकाशात तुम्हाला ते सापडायचं नाही.

पहिली काही प्रकरणं इलेक्ट्रिक टाइपरायटरवर झाली, मग ऑफिसात कंप्युटर आला आणि सगळं पुन्हा टाइप करावं लागलं. त्यामुळे तो इतिहास मला साहेबांपेक्षा जास्त पाठ आहे. समुद्रकाठची चार गावं मिळून लंडनला एक खासदार पाठवत. सामान्य माणसाला मत नव्हतंच. प्रत्येक गावची नगरपालिका एकेक प्रतिनिधी निवडायची, ते चौघे एका गावात जमायचे आणि खासदार ठरवायचे. जमायचं गाव पाळीपाळीने बदले, आणि मतं समसमान पडली तर यजमान गावाचं मत निर्णायक. त्यामुळे ज्या गावाची पाळी, तिथल्या नगरसेवकांची महिनाभर चंगळ. एकाला विरोधकांनी मतदान संपेपर्यंत कोठारात कोंडून ठेवलं होतं. सुटून आल्यावर त्याची तक्रार एवढीच, की जेवण गार दिलं.

शेजारच्या परगण्यात ज्याची जमीन त्यालाच मत. तिथले बडे जमीनदार निवडणूक आली की आपल्या पुतण्यांच्या आणि कारकुनांच्या नावाने जमिनीचे कागद करून देत. जमीन कागदावर, मत मात्र खरं. ही जमीन खरोखर माझीच आहे अशी शपथ घ्यावी लागे, आणि लोक ती खुशाल घेत. टाइप करता करता मला हसू आवरेना. साहेबांनी कारण विचारलं. मी म्हटलं, ‘साहेब, एकदा आमच्या मंडळाच्या निवडणुकीला या.’

आमच्या महाराष्ट्र मंडळात निवडणुकीआधी सभासदसंख्या अशीच फुगायची. व्हिजिट व्हिसावर आलेले सासू-सासरे आजीव सभासद होऊन मत देत आणि पुढच्या आठवड्यात विमानात बसत. मंडळाचे विभाग तीन: दुबईतला करामा, शारजातला रोल्ला आणि त्याच्याही पलीकडचं, स्वस्त भाड्याचं अजमान. प्रत्येकाचा कमिटीत एकेक प्रतिनिधी. अजमानची प्रतिनिधी मी; प्रतिनिधी राहते कुठे हे कुणी विचारत नसे, आणि ती जागा दुसऱ्या कुणाला नको होती. आमचं वजन फारसं नव्हतं, गणपतीत आमच्याकडे पत्रावळ्यांचं खातं असे. पण त्या एका जागेच्या जोरावर मी अजमानला मराठीचा वर्ग मिळवला होता. एका नर्सरीची खोली मंडळाने घेऊन दिली होती आणि दर शुक्रवारी सकाळी मी तिथे एकतीस मुलांना शिकवायचे.

त्यात माझी मुलगीही होती. वय वर्षं नऊ. मी मराठीत विचारायचं आणि तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं, असा आमचा संसार. आजीचा फोन आला की ती ‘हाय आजी’ म्हणून रिसीव्हर माझ्या हातात कोंबायची. वर्गात येऊ लागल्यापासून तिच्या तोंडून मराठी शब्द सुटू लागले होते, एकेकटे, भीत भीत. माझा त्या वर्गावर जीव जडला होता. तो बंद पडला तर ही पोरगी माझ्याशी कायमची परक्या भाषेत बोलणार, ही भीती मी कुणाला सांगितली नव्हती, पण ती होती.

तिकडे साहेबांचं शेवटचं प्रकरण आलं. स्कॉटलंडला स्वतःची संसद मिळाली, म्हणून लंडनमधल्या त्यांच्या जागा कमी करायच्या ठरल्या. साहेबांचा मतदारसंघ तीन शेजाऱ्यांत वाटून टाकला. एवढ्या पिढ्या ज्याच्यासाठी दारू वाहिली, खोट्या शपथा झाल्या, तो एका परिशिष्टात संपला. मी विचारलं, लोक भांडले नाहीत? साहेब म्हणाले, हरकती मागवल्या होत्या, पण फार कुणी पाठवल्या नाहीत. तुम्ही पाठवली? त्यांनी चष्मा पुसला. परदेशात इतकी वर्षं काढल्यामुळे त्यांचं नावच यादीतून गेलं होतं.

मला त्यांची दया आली आणि त्याच आठवड्यात मी शहाणपणा केला. मंडळाचे अध्यक्ष, करामातले मोठे ट्रेडिंगवाले, मला म्हणाले, ‘वहिनी, कमिटीची रीस्ट्रक्चरिंग करायची आहे. तुम्ही तर मतदारसंघातल्या एक्स्पर्ट. एक फेअर फॉर्म्युला ड्राफ्ट करून द्या. एजीएममध्ये पास केला की खलास!’

मी फुगले. साहेबांच्या पुस्तकातली भाषा उचलून झकास मसुदा केला: दर वीस नोंदलेल्या कुटुंबांमागे एक प्रतिनिधी, आणि वीसपेक्षा कमी कुटुंबांचा विभाग शेजारच्या विभागात विलीन. हेतू अगदी शुद्ध नव्हता. माझ्या हिशेबाने अजमानला चाळीसच्या वर कुटुंबं होती. म्हणजे दोन जागा आणि दुसऱ्या वर्गासाठी आणखी एक खोली!

सभा करामात एका हॉटेलच्या वरच्या हॉलमध्ये झाली. माझा मसुदा टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला आणि अध्यक्षांनी लगेच सभासदांच्या रजिस्टरमधले आकडे वाचले. करामा, सात प्रतिनिधी. रोल्ला, दोन. ‘अजमान, एकूण कुटुंबं चार. सो, वहिनींच्या फॉर्म्युल्याप्रमाणे अजमान रोल्लात मर्ज. मराठी क्लासपण रोल्लाला शिफ्ट.’

चार! मी ताडकन उठणार होते, आणि तेवढ्यात मला माझाच सभासदत्वाचा फॉर्म आठवला. त्या फॉर्मवर ‘राहण्याचा विभाग’ या रकान्यात मी करामा लिहिलं होतं. पत्ता माझ्या दिरांचा. अजमान म्हटलं की समोरची बाई ‘अरेरे, एवढ्या लांब? का हो?’ म्हणायची, आणि त्या ‘का हो’ला उत्तर देण्यापेक्षा करामा म्हणणं सोपं होतं. तेच सगळ्यांनी केलं होतं. कुणी मेहुण्याचा पत्ता लिहिला होता, कुणी गाववाल्याचा. स्कॉटलंडातल्या लबाडांनी खोट्या कागदांवर मत मिळवलं. आम्ही खोट्या पत्त्यांपायी हाती असलेलं घालवलं, आणि वर त्याचा नियमही मीच लिहून दिला.

अध्यक्ष माणूस तसा सरळ. म्हणाले, ‘रजिस्टरमध्ये मिस्टेक असेल तर आत्ताच करेक्ट करू. अजमानला कोण कोण राहतं? जस्ट हात वर करा. वीस हात आले की तुमची सीट आणि क्लास, दोन्ही राहतील.’

हॉलमध्ये माझ्या बिल्डिंगमधलीच नऊ कुटुंबं होती. रोज जिन्यात भेटणारी, माझ्याकडून विरजण नेणारी माणसं. कुणी पंख्याकडे बघत होतं, कुणी चपलेकडे. एकाचाही हात हलेना. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं असतं तर बरं झालं असतं, मी सुरुवात केली असती, असं मी पुढे अनेक वर्षं म्हणत आले. ते खोटं आहे. माझ्या शेजारी करामाच्या दोन बायका बसल्या होत्या. ‘आम्ही इथेच मागच्या गल्लीत’ असं मी त्यांना सहा वर्षं सांगत होते.

तेवढ्यात माझ्या कुशीतून एक हात वर गेला. सरळ, वर्गात जातो तसा. आणि माझी मुलगी सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात, एकही इंग्रजी शब्द न घेता म्हणाली, ‘आई, आपण अजमानला राहतो ना?’

मी तिचा हात धरून खाली ओढला आणि दबक्या आवाजात म्हणाले, ‘बी क्वाएट.’