स्पेनमधली नाना, आमची निन्नी

थोरला मुलगा दीड वर्षाचा असताना तापानं गेला. त्यानंतर दोन वर्षांनी धाकटी झाली. सत्तरच्या दशकातली गोष्ट. आम्ही तेव्हा इतवारीत राहत होतो. धाकटीचं सगळं मी वहीत टिपायची: दूध किती वाजता, जुलाब किती वेळा, वजन किती. सासूबाई म्हणायच्या, "लेकरू आहे का रेशन कार्ड वं? नुसती लिहूनच राहिली!"

अंगाई मात्र मी म्हणत नव्हते. मला येणारी एकच होती, आणि ती थोरल्याची होती. पहिल्या ओळीपुढे मला जाताच यायचं नाही. म्हणून सासूबाईच तिला पायांवर घेऊन झोपवायच्या. त्या खाप्याला लेकीकडे गेल्या की पोर दुपारभर रडायची आणि मी शेजारी नुसती बसून राहायची.

वजनासाठी मी तिला मिशनच्या दवाखान्यात न्यायची. तिथल्या सिस्टर मूळच्या स्पेनच्या, हिंदी मोडकंतोडकं. एकदा काट्यावर पोर बिथरली, तशी त्यांनी तिला खांद्यावर टाकलं आणि "ना-ना, ना-ना" असं घोळवत राहिल्या. ती गप्प झाली. त्यांच्याकडे अंगाईलाच 'नाना' म्हणतात, असं त्यांनी सांगितलं.

"ये शब्द आया कहाँ से?" मला कशाचंही मूळ कळल्याशिवाय चैन पडत नाही.

"पक्का किसी को मालूम नहीं," त्या हसल्या. "कुछ लोग बोलते हैं, बच्चा पहले ऐसा आवाज करता है. माँ उसी से सीखती है."

घरी सांगितल्यावर सासूबाईंनी विचारलं, "नाना? आजाले बोलावून राहिली होती का ते?" मग गहू निवडता निवडता म्हणाल्या, "आपणही लेकराले निन्नी कर म्हणतोच. ते कोणं शिकवलं?"

ते मला पटलं. ज्या आवाजाला अर्थच नाही, तो कोणा एकाचा नसतो. माझ्या थोरल्याचाही नाही.

पुढच्या खेपेला सासूबाई खाप्याला गेल्या, तेव्हा दुपारी मी दार लोटून घेतलं, पोरीला पायांवर घेतलं आणि नुसतंच "ना-ना" म्हणत राहिले. बराच वेळ गेला. तिचे डोळे मिटत आले, तेव्हा त्या आवाजामागून थोरल्याच्या अंगाईची पहिली ओळ आली. आवाज चिरकला. तरी या वेळी मी दुसरी ओळही म्हटली.