ठमाबाईची पहिली ताटली

पाटाच्या कचेरीत मी अकरा वर्षं कारकुनी केली आणि त्यातली निदान सात वर्षं लोकांच्या घरचं मटण खाल्लं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं मी शहाणपणा शिकवायला लागलो तर तुम्हाला मला थांबवता येईल. बारामतीला माझ्या घरी बायकोच्या गळ्यात माळ. तिच्या चुलीवर अंडंसुद्धा चढत नसे. दौरा निघाला की साहेब नकाशे बरोबर घेत आणि मी भूक. इंदापूर तालुक्यात कुठल्या गावात काय मिळतं हे मला पाटाच्या नकाशापेक्षा जास्त पाठ होतं. कळंबला कोंबडी बरी, पण रस्सा पाणचट. कळसला सर्जेरावांचं घर, आणि तिथं त्यांच्या बायकोची, ठमाबाईची, पहिली ताटली.

पहिली ताटली हा शब्द आम्हा दौऱ्यावरच्या लोकांचाच. जेवण व्हायला दीड-दोन तास लागत. तोवर सोप्यात बसलेल्या पाहुण्यांपुढं काहीतरी यायला हवं, आणि दारूबंदीचे दिवस असल्यामुळं त्या काहीतरीवरच सगळा भार असे. इतर घरी चहा येई, फार तर भाजलेल्या शेंगा. इथं आम्ही पायताणं काढून घोंगडीवर टेकतो न टेकतो तोच जर्मनची ताटली पुढ्यात येई. गावात बोकड पडलेला असला तर काळीज. बोटाच्या पेराएवढे तुकडे, तापल्या तव्यावर लसूण-मिरचीच्या ठेच्यात परतलेले, मीठ अगदी उतरवताना. आधी मीठ टाकलं की काळजाचं चामडं होतं, हे तिनं मला एकदा दाराआडून सांगितलं होतं. कधी पाट्यावर वाटलेल्या खिम्याचे गोळे, डाळ्याचं पीठ लावून तळलेले. आणि घरात काहीच नसलं तर वाळलेलं मटण. हळद-मीठ चोळून दोरीवर कडक वाळवलेल्या पट्ट्या ती निखाऱ्यावर भाजायची, प्रत्येकीला वरवंट्याचा एक ठोका द्यायची आणि लसूण, तीळ, लाल मिरची घातलेल्या गरम तेलात घोळवायची. सोबत बुक्कीनं फोडलेला कांदा आणि बाजरीच्या भाकरीचे कडक पापुद्रे. चुलीत एक लाकूड जळेपर्यंत हे सगळं तयार होई. आम्ही म्हणायचो, या बाईच्या हातात जादू आहे. जादू म्हटलं की कष्ट मोजावे लागत नाहीत.

ते वाळलेलं मटण तिच्या भावाकडून यायचं. म्हस्कू मोरगावचा, अजून मेंढरं राखून होता. आईबाप लवकर गेले, तेव्हा ठमाबाई पाच वर्षांची. म्हस्कूनं तिला मेंढरांमागं चालवत, दमली की खांद्यावर घेत वाढवली. तीन दगडांवर झटपट भाजणं-परतणं तिला त्यानंच शिकवलं. रानात मेंढरांच्या वाड्यावर कोणी वाटसरू आला तर आधी त्याच्या हातावर काहीतरी ठेवायचं आणि मग कोण, कुठला ते विचारायचं, अशी त्यांची रीत. कळसला ती सून म्हणून आली तेव्हा सर्जेरावांकडंही मेंढरं होती. पुढं पाटाचं पाणी रानाला लागलं, सासऱ्यानं कळप विकला, कांदा-ऊस-भाजीपाला सुरू झाला. मेंढरं गेली आणि पाहुणे आले. तलाठी, बी-बियाणंवाले, मतं मागणारे, सोयरिकी जुळवणारे, गुरांचे डॉक्टर आणि आम्ही. सर्जेराव माणूस वाईट नव्हता. हात ओला तर मैतर भला, एवढं एकच शास्त्र त्याला येत होतं आणि ते त्यानं मनापासून पाळलं. फक्त ओला व्हायचा तो हात बायकोचा असे.

सात वर्षांत मी तिचा चेहरा नीट पाहिला नव्हता. दाराच्या फळीमागं बांगड्या आणि आवाज, एवढीच ओळख. पण हातचं खाऊन माणसाशी एक सलगी होते, निदान खाणाऱ्याला तसं वाटतं. एकदा सर्जेराव साहेबांना रान दाखवायला गेले होते आणि मी पायाला फोड आला म्हणून सोप्यातच बसलो होतो. मी सहज म्हणालो, वहिनी, फार त्रास देतो आम्ही. वाटलं, छे छे म्हणेल.

"दमणूक हुती, भाऊसायेब," ती आतून म्हणाली. "पर सांगायचं कुणाला? सांगाय गेलं तर म्हणत्यात, काय डोंगर फोडला, तवाच तर परतला."

त्याच दिवशी तिनं मला मोरगावच्या गाडीची वेळ विचारली. म्हस्कू दिवाळीपासून अंथरुणावर होता, छातीत पाणी झालं होतं. भावाला एकदा डोळ्यांनी बघून यायचं एवढंच तिच्या मनात होतं. दोनदा तिनं गाठोडं बांधलं होतं. एकदा ऐन निघताना तलाठी दोन माणसं घेऊन आला, दुसऱ्यांदा पुतणीला बघायला पाहुणे आले, आणि दोन्ही वेळा गाठोडं सोडून तवा चढवावा लागला. बारामतीच्या स्टँडवर मी चौकशी केली. मोरगावला दुपारी दोनची एसटी होती. पुढच्या खेपेला मी ते तिला सांगितलं आणि सर्जेरावांच्याही कानावर घातलं. ते हसले. जाईल की, मोरगाव काय पळून चाललंय, म्हणाले.

हे चोपन्न सालचं. पुढच्या चैत्रात नवे साहेब रुजू झाले आणि त्यांना घेऊन मी कळसला गेलो. सर्जेरावांच्या पाटाच्या चारीपलीकडच्या चार एकरांना पाण्याची मंजुरी हवी होती, त्याची जागा पाहायची होती. साहेबांनी चारी पाहिली, उतार पाहिला, वहीत दोन ओळी लिहिल्या. सव्वाअकराला आम्ही सोप्यात येऊन टेकलो. आत तव्यावर लसूण पडल्याचा वास आला आणि मी मांडी ठोकून बसलो.

मी हात धुवायला अंगणात गेलो होतो, तेव्हा एक माणूस सायकलवरून आला. घामानं निथळत होता, पण रांजणाकडं गेला नाही, सोप्याकडंही आला नाही. सायकल धरून कुडापाशी उभा राहिला. सर्जेराव त्याच्याकडं गेले. तो मोरगावचा जोतीराम, म्हस्कूचा चुलतभाऊ. पहाटेच्या गाडीनं बारामतीला उतरून, कुणाची तरी सायकल मागून तो इथवर आला होता. म्हस्कू रात्री सरला होता. बहिणीसाठी माती थांबवली होती, पण ऊन चैत्राचं, फार वेळ थांबता येणार नव्हतं.

असा निरोप घरात गेला की चूल विझवायची, त्या चुलीवरचं कुणी खायचं नाही. सर्जेरावांनी सोप्यात बसलेल्या साहेबांकडं पाहिलं, मग जोतीरामाचा हात धरला.

"आत्ता बोलू नगंस. साहेबांचं जेवण हुंदे. नवा माणूस हाय, पयल्यांदा दारात आलाय. त्यो उपाशी गेला तर गावात तोंड दावाय जागा न्हाय."

जोतीरामानं सायकल कुडाला टेकवली आणि तिथंच थांबला. सर्जेराव वळले तेव्हा त्यांना मी दिसलो, हात ओले, रांजणापाशी. त्यांनी माझ्यापुढं हात जोडले. भाऊसाहेब, एवढं तासभर, म्हणाले. मला दोनची गाडी ठाऊक होती. दारात जीप उभी होती, तासाभरात बारामती गाठता येईल हेही ठाऊक होतं. मी मान डोलावली. एका माणसाच्या इभ्रतीसाठी गप्प बसलो असं मी पुढं बरेच दिवस स्वतःला सांगत आलो. खरं म्हणजे सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नव्हतं, आणि आत काळीज परतत होतं.

साहेब भले होते. बाहेर उभ्या माणसाला त्यांनी हाक मारून सोप्यात बसवलं, म्हणून जोतीरामापुढंही ताटली आली. आम्ही खाल्लं. साहेबांनी तारीफ केली, सर्जेरावांनी आणखी वाढलं. जोतीराम पायरीच्या कडेला गुडघे जवळ घेऊन बसला होता. मातीचा निरोप घेऊन आलेला माणूस त्या घरचं पाणीही घेत नाही. त्याच्या पुढ्यातला तांब्या भरलेलाच राहिला आणि ताटलीतलं काळीज निवून गेलं. मी त्याच्याकडं पाठ होईल असा सरकून बसलो. रस्सा शिजायला वेळ लागत होता. साहेब पिकांबद्दल विचारत होते, सर्जेराव उत्तरं देत होते, आणि प्रत्येक उत्तराच्या आधी आतल्या दाराकडं बघत होते. दीड वाजायला आला. जेवणाला जागा करायची म्हणून सर्जेरावांनी ताटल्या गोळा केल्या, एकात एक घातल्या आणि आत नेऊन ठेवल्या. भरलेली वर होती.

आत तिनं विचारलेलं मला ऐकू आलं. हे कुणाचं राहिलं? सर्जेराव म्हणाले, मोरगावकडचा एक जण आलाय, मेंढराचं काम हाय. तशी ती दारात आली. डोक्यावर पदर, हाताला पीठ. पन्नाशीची वाटली, नंतर हिशेब केला तर चाळीसही नव्हती.

"जोती, दादा कवा गेला?"

जोतीराम उभा राहिला. "रातीच, आक्का. तुमच्यासाठी थांबल्यात समदी."

ती आत गेली. चुलीत पाणी ओतल्याचा आवाज आला, सोप्यात धूर आला. बाहेर आली ती गाठोडं न घेताच. साहेब गोंधळून सगळ्यांकडं बघत होते. जोतीरामानंच त्यांना दोन शब्दांत सांगितलं. साहेब ताडकन उठले, ड्रायव्हरला हाक मारली आणि सांगितलं की बारामतीला थांबू नकोस, थेट मोरगावला सोड. तिला आणि जोतीरामाला जीपमध्ये बसवलं. सर्जेराव मागून चढले. तिनं त्यांच्याकडं पाहिलं नाही.

जीप परत येईपर्यंत मी आणि साहेब त्या सोप्यात बसून होतो. आत कुणी नव्हतं. साहेब म्हणाले, मला तीन दिवस पोटाचा त्रास आहे हो, त्या गृहस्थांचं मन मोडवेना म्हणून चार तुकडे खाल्ले. थोड्या वेळानं म्हणाले, तो माणूस आला तेव्हाच कुणी सांगितलं असतं तर मी तेव्हाच गाडी दिली असती. मग माझ्याकडं वळून विचारलं, तुम्हाला ठाऊक होतं?

मी नाही म्हणालो.

जीप चार वाजता मोरगावात पोचली. माती साडेतीनला झाली होती. लोक ओढ्यावरून हात-पाय धुऊन परत येत होते, ते तिला वाटेतच भेटले. हे मला ड्रायव्हरनं रात्री परतताना सांगितलं. त्या चार एकरांची मंजुरीही मीच पुढं टाइप केली. साहेबांनी ती जागेवर उभं राहून, आमच्या पोटात काही जायच्या आधीच, वहीत लिहून ठेवली होती.

तेराव्यानंतर ठमाबाई कळसला परतली आणि पाहुणे पुन्हा सुरू झाले. पण रीत बदलली. पाहुणा सोप्यात टेकला की ती स्वतः बाहेर यायची, पाणीसुद्धा न देता समोर उभी राहायची आणि विचारायची, "कुणाचा काय निरोप हाय का? असंल तर आधी सांगा." न्हाय म्हटल्यावर आत जायची आणि मग ताटली यायची, पूर्वीसारखीच. तलाठ्याला हे उद्धट वाटलं, त्यानं चार गावांत सांगितलं. सर्जेरावांनी तिला कधी अडवलं नाही. ती विचारत असताना ते खाली मान घालून सुपारी कातरत बसायचे. मला हे सगळं लोकांकडूनच कळायचं, कारण मी कळसचा दौरा आला की आजारी पडायला लागलो होतो. खाई त्याला खवखवे.

सत्तावन्न साली माझी बदली झाली. जायच्या आधी एकदा कळसला गेलो. एकटाच, एसटीनं. सर्जेराव रानात होते. मी सोप्यात बसलो, ती बाहेर आली आणि समोर उभी राहिली. केस बरेच पिकले होते. मला विचारलं, कुणाचा निरोप हाय का?

मी हो म्हणालो. म्हणालो, वहिनी, त्या दिवशी जोतीराम आला तेव्हा मी रांजणापाशी होतो. मला तेव्हाच कळलं होतं. दोनची गाडीही मला ठाऊक होती. पुढं काय बोलायचं ते मी एसटीत बसून जुळवलं होतं, सर्जेरावांची इभ्रत, पाहुण्यांचा मान वगैरे, पण त्यातलं काही तोंडातून आलं नाही.

ती खांबाला टेकून खाली बसली. माझ्या देखत ती बसलेली मी पहिल्यांदाच पाहिली. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. पण ती फक्त दमलेली दिसत होती, दिवसभराचं काम संपायच्या आत बसायला मिळालेल्या माणसासारखी.

"तुमी बोलला असता, भाऊसायेब," ती म्हणाली, "तर सायेब उपाशी गेलं असतं. तेवढंच."